फोन माझा, सातबारा कुणाचा?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली आहेस, टेक्नॉलॉजीवर वीस मिनिटं बोल. पण लोक झोपतील असं नको." तशी मला काळजी नाही. पहिल्या रांगेत आपल्या मराठीच्या बाई बसल्यात. त्यांच्या तासाला डुलकी घेणाऱ्याला खडू कसा अचूक लागायचा, ते मागच्या बाकावरचे अजून विसरले नसतील.

विषय मी घरून ठरवून आले नव्हते. तो मला या मेळाव्याच्या तयारीतच सापडला.

स्मरणिका काढायचं ठरलं, तेव्हा शाळेच्या जुन्या स्मरणिकेतले सरांचे दोन लेख आणि मुलांच्या काही कविता पुन्हा छापाव्यात असं सगळ्यांना वाटलं. कपाटातून वीस-बावीस वर्षांपूर्वीची सीडी निघाली. ती चालली, याचंच आधी आश्चर्य. फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टिंबं, डॉलरची चिन्हं आणि उलटेसुलटे स्वल्पविराम. मराठीचा एक शब्द नाही. मला फोन आला, "अगं, व्हायरस लागलाय का बघ."

व्हायरस नव्हता. त्या काळी कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायचं तर एखाद्या कंपनीचं पॅकेज विकत घ्यावं लागे. काही पॅकेजांबरोबर डोंगल यायचा. तो मशीनच्या मागे खोचल्याशिवाय काम सुरू होत नसे. प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं, काने, वेलांट्या आपापल्या क्रमाने बसवल्या होत्या. एकीच्या फॉन्टमध्ये जिथे 'क', तिथे दुसरीच्या फॉन्टमध्ये 'म'. म्हणजे फाइलमध्ये मराठी नव्हतीच. नुसत्या इंग्रजी खुणा होत्या, आणि त्यांना मराठीचं रूप तो एकच फॉन्ट देत होता. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं सरकारी प्रमाण १९९१ मध्ये ठरलं होतं. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली आणि तिच्यात देवनागरी होती. पण बाजारात पुढे बरीच वर्षं प्रत्येकाने स्वतःचंच कुलूप वापरलं.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर असतात. आपल्या फाइलवर एक चालवून पाहिला, तर जोडाक्षरांचा पार चिवडा झाला. शेवटी ग्रंथालयात स्मरणिकेची छापील प्रत होती, ती समोर ठेवून दोघींनी सगळं पुन्हा टाइप केलं आणि बाईंनी या वयात आपली प्रुफं तपासली. एकही चूक सोडली नाही, हे वेगळं सांगायला नको.

लेख आपल्या सरांचे, कविता आपल्या, पॅकेज पैसे मोजून घेतलेलं. तरी वाचायची किल्ली आपल्याकडे नव्हती. आज मला याच किल्लीबद्दल बोलायचं आहे.

आपण रोडपालीची माणसं. मालकी आणि भाडेपट्टा यांतला फरक आपल्याला वकिलाने समजावून सांगावा लागत नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी जमिनी संपादन झाल्या आणि आपल्या आजोबांच्या पिढीच्या हातातला सातबारा गेला. आज कळंबोलीत सिडकोच्या भूखंडावरच्या इमारतीत घर घेणाऱ्याला कागद वाचल्यावर कळतं, की घर आपलं असलं तरी खालची जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याची आहे. नावावर करून द्यायचं तर सिडकोची परवानगी, हस्तांतरण शुल्क. हे सगळं त्रासाचं आहे, पण निदान कागदावर लिहिलेलं आहे. किती वर्षं, कुठल्या अटी, तक्रार कुठे करायची, हे माहीत असतं.

आता हातातला फोन घ्या. यंत्र तुमचं, बिल तुमच्या नावावर. पण आत जे चालतं ते तुम्ही विकत घेतलेलं नाही. ते वापरायचं तुम्हाला लायसन मिळालंय, म्हणजे परवानगी. अटींचा कागद पन्नास पानी, खाली एक चौकोन, 'मी सहमत आहे'. मी याच धंद्यात वीस वर्षं आहे आणि प्रामाणिकपणे सांगते, तो कागद मीही वाचत नाही. शिवाय अटी मधेच बदलायचा हक्क बहुतेक वेळा कंपनीकडे असतो. सिडकोने उद्या सकाळी दारावर चिठ्ठी लावली, की "आजपासून ६० ऐवजी ४० वर्षं, सहमत नसाल तर घर सोडा", तर आपण हायवे बंद पाडू. फोनवर तशी चिठ्ठी येते तेव्हा आपण अंगठा टेकवून पुढे जातो.

तुम्ही म्हणाल, ही साध्या माणसांची गोष्ट झाली, मोठ्यांना कोण हात लावणार? जुलै २०२५ मधलं उदाहरण बघा. नायरा एनर्जी ही पेट्रोल-डिझेलची मोठी कंपनी. तिचं कार्यालय मुंबईत, रिफायनरी गुजरातेत वाडीनारला, पंप देशभर. तिच्यात रशियन कंपनीचा मोठा हिस्सा आहे म्हणून युरोपीय संघाने १८ जुलैला तिच्यावर निर्बंध घातले. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिची सेवा थांबवली. कर्मचाऱ्यांचे ईमेल बंद, स्वतःचाच डेटा हाती नाही. कंपनीचं म्हणणं होतं, की लायसनचे सगळे पैसे भरलेले आहेत आणि भारतात असा कुठलाही निर्बंध लागू नाही. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि ३० जुलैला सेवा परत सुरू झाली. तिच्याकडे नामांकित वकील होते म्हणून प्रश्न काही दिवसांत सुटला. स्टील मार्केटमधल्या एखाद्या व्यापाऱ्याचा हिशेब असा अडकला, तर तो कुठल्या न्यायालयात जाणार?

दुसरं उदाहरण जास्त ओळखीचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. पुढची आवृत्ती घ्यायची तर मशीनमध्ये टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. कागदोपत्री ती अट सुरक्षेसाठी आहे, आणि त्यात तथ्यही आहे. पण परिणाम असा, की पडदा ठीक, कीबोर्ड ठीक, हिशेब नीट होतोय, तरी मशीन 'जुनं' ठरतं. आपल्या आईच्या वेळी शिलाई मशीन जुनं झालं की नाही, हे ती स्वतः ठरवायची. फार तर तेल घालायची, पट्टा बदलायची.

आता थोडं घरचं सांगते.

माझी आजी धवलारीण होती. आपल्या आगरी लग्नांत हळदीपासून पुढचे धवले तीच म्हणायची. पंचक्रोशीतून तिला बोलावणं यायचं. तिला लिहिता येत नव्हतं, सगळं तोंडपाठ. शेवटच्या वर्षांत माझ्या वडिलांनी दुपारी तिच्याजवळ बसून ते धवले फोनवर रेकॉर्ड केले. तळोजा एमआयडीसीत आयुष्य काढलेला माणूस, पण हे काम त्यांनी फार निगुतीने केलं. कुठला धवला कुठल्या विधीचा, तेही आधी बोलून घेतलं. आजी गेली. तीन वर्षांनी बाबा गेले. त्यांचा फोन काही दिवसांतच बंद पडला. मी म्हटलं हरकत नाही, सगळं खात्यावर जमा आहे.

खात्याला पासवर्ड होता, तो आईच्या वहीत सापडला. पण नवीन फोनवरून उघडताना ओटीपी हवा होता, आणि तो बाबांच्या नंबरवर जाणार होता. नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद झालेला. मी कंपनीला लिहिलं. यंत्राने उत्तर दिलं. पुन्हा लिहिलं, मृत्यूचा दाखला जोडला, पुन्हा तेच उत्तर. कुणी माणूस म्हणून माझ्याशी बोललंच नाही. आजीचा आवाज आजही कुठल्यातरी देशातल्या कुठल्यातरी सर्व्हरवर असेल, किंवा एव्हाना पुसलाही गेला असेल. मला कळायचा मार्ग नाही.

यात सगळ्यात जास्त काय लागलं, सांगू? असलं कुलूप मी स्वतः लिहिलेलं आहे. बाबांचं नाही, पण तसलंच. 'नंबर जुळला नाही तर प्रवेश नाही', ही ओळ लिहिताना मी फक्त चोराचा विचार केला होता. चोर खरेच असतात, ओटीपीच्या फसवणुकीत आपल्यापैकीही काहींचे पैसे गेलेत, म्हणून कुलूप हवंच. पण मेलेल्या बापाची लेक दारात उभी राहिली तर काय, हा प्रश्न आमच्या टेबलावर कधी आलाच नाही. आणखी एक कबुली. एका नोकरीत ग्राहकाला स्वतःची माहिती बाहेर काढून घ्यायचं बटण आम्ही मुख्य पानावरून हलवून तीन पायऱ्या आत नेलं. लोक ते कमी दाबतात, लोक टिकतात, आकडे चांगले दिसतात. मी एकदा विरोध केला, मग गप्प बसले. त्या महिन्यात माझं प्रमोशन होतं.

म्हणून मी इथे कंपन्यांना शिव्या द्यायला उभी नाही. स्वस्त फोन आणि व्हॉट्सॲप नसतं तर आज आपण इतके जण एका मंडपात जमलो असतो का? दुबईला गेलेला, कोल्हापूरला दिलेली, ट्रकवर असलेला, सगळे त्या ग्रुपवरच सापडले. सोय खरी आहे. माझा प्रश्न एवढाच, की सोय घेताना बाहेर पडायचं दार कुठे आहे?

कारण दार असू शकतं, हे आपण पाहिलंय. पूर्वी मोबाइल कंपनी बदलायची तर नंबर सोडावा लागे, म्हणून लोक वाईट सेवा सहन करायचे. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली आणि कंपन्या थोड्या सरळ झाल्या. यूपीआय बघा. २०१६ मध्ये ते आलं. तुमचं ॲप एक, समोरच्या भाजीवालीचं दुसरं, दोघांच्या बँका वेगळ्या, तरी वीस रुपये पोचतात. नियम सगळ्यांना सारखा ठेवला म्हणून हे झालं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपचं मात्र तसं नाही. नंबर पोर्ट होतो, ग्रुप होत नाही.

कायदाही काही करू शकतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोन बनवणाऱ्यांवर स्वतःची ॲप्स एकगठ्ठा लादणं हा मुख्य आक्षेप होता. पुढे अपिलात काही निर्देश रद्द झाले, पण दंड कायम राहिला, आणि २०२३ च्या सुरुवातीला भारतातल्या फोनसाठी नियम थोडे सैल करावे लागले. उलट बाजूही सांगते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आपल्या पश्चात कुणी हक्क बजावायचे त्याचं नाव नोंदवायचा हक्क दिलाय, त्याचा अंमल टप्प्याटप्प्याने यायचा आहे. पण आपली माहिती उचलून दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या मसुद्यात होता, तो शेवटच्या कायद्यातून गळला. तेच तर दार होतं.

आपल्या भागाने नियम बदललेले पाहिलेत. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झालं, पाच जणांचे प्राण गेले आणि पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. त्या बलिदानाशी मोबाइलच्या गाऱ्हाण्याची तुलना करणं मला शोभणार नाही. पण "आता सही झाली, काही होणार नाही" असं म्हणून आपले बापजादे घरी बसले नाहीत, एवढं आपण लक्षात ठेवावं.

आणि थोडा दोष आपलाही. ऑर्कुट आठवतंय? आपल्यातल्या अर्ध्या लोकांची वीस वर्षांनंतरची पहिली भेट तिथेच झाली. ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. पण आपले फोटो बाहेर काढून घ्यायला त्यानंतर दोन वर्षं मुदत होती. दार उघडं होतं. कितीजणांनी काढले? हात वर करा. बघा, मीही केला नाही.

कुणी म्हणेल, त्यापेक्षा कागद बरा. कागदाचंही कौतुक २६ जुलै २००५ ला वाहून गेलं. त्या पुरात कळंबोलीत तळमजल्यावरच्या घरांतले लग्नाचे अल्बम चिखलात लगदा झालेले आपण पाहिलेत. म्हणजे एका जागी ठेवलेली कुठलीच वस्तू सुरक्षित नाही. दोन-तीन जागी हवी, वेगवेगळ्या रूपात हवी, आणि किल्ली आपल्याजवळ हवी.

आता कामाचं बोलते. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेच्या संगणक कक्षाला दहा संगणक द्यायचं ठरतंय. त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. फक्त तीन सूचना आहेत.

पहिली, दहापैकी निदान पाच संगणकांवर लिनक्स आणि लिबरऑफिस घालूया. ती मुक्त सॉफ्टवेअर आहेत. लायसनचे पैसे नाहीत, मुदत संपली म्हणून कुणी बंद करू शकत नाही, आणि जुन्या मशीनवरही चालतात. बाकी पाचांवर नेहमीचं असू दे, कारण मुलांना नोकरीत तेही लागणार आहे. दोन्ही पाहिलेल्या मुलाला निदान कळेल, की कॉम्प्युटर म्हणजे एकाच कंपनीचं दुकान नव्हे. सुरुवातीला अडचणी येतील, प्रिंटर रुसेल. पहिलं वर्षभर महिन्यातून एका शनिवारी मी येऊन बसेन, हे सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे मला पळता येणार नाही.

दुसरी, मुलांना मराठी टायपिंग युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिकवूया. फॉन्टही मुक्त परवान्याचे घेऊया. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' हा सुंदर देवनागरी फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतो. आपल्या मुलांनी आज लिहिलेला निबंध त्यांच्या मुलांना उघडता यायला हवा. बाईंना पुन्हा प्रुफं तपासायला लावायची नाहीत.

तिसरी, या मेळाव्याचे फोटो आणि भाषणं फक्त ग्रुपवर टाकून सोडू नका. एक प्रत शाळेच्या हार्ड डिस्कवर, एक संयोजकांपैकी कुणाच्या तरी घरी, वरच्या मजल्यावर, आणि निवडक मजकूर छापून ग्रंथालयात.

घरी गेल्यावर करायचं एक काम. ज्यांचं खातं गुगलचं आहे त्यांनी 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' शोधा, ज्यांचा फोन ॲपलचा आहे त्यांनी 'लेगसी कॉन्टॅक्ट'. आपल्यामागे खात्यातली माहिती कुणाला मिळावी, त्याचं नाव तिथे देता येतं. दहा मिनिटं लागतात. आपल्या आईवडिलांच्या फोनवर त्यांच्याजवळ बसून तेही करा. अशुभ बोलतेय असं समजू नका. बँकेत नॉमिनी लावतोच ना आपण.

शेवटी आजीचं राहिलं. गेल्या दिवाळीत आत्याच्या माळ्यावर एका लग्नाची कॅसेट सापडली. कॅसेट फिलिप्सने काढली, पण ती कुठल्याही कंपनीच्या टेपरेकॉर्डरमध्ये चालायची, म्हणून घाटकोपरच्या एका भंगारवाल्याकडून मिळालेल्या टेपवरही ती चालली. मधे बँडचा आवाज आहे, पोरं रडतायत, कुणीतरी "चहा आणा" म्हणून ओरडतंय. त्या गलक्यात आजीचे दोन धवले आहेत, एक अर्धवट. बाबांनी जे बावीस रेकॉर्ड केले होते, त्यांतले हे दोन. मी ते उतरवून घेतले, तीन ठिकाणी ठेवले आणि शब्द वहीत लिहून काढले. काही शब्द मला कळले नाहीत. इथे ज्यांच्या घरी अजून धवले म्हणणारी बाई आहे, तिने जेवणाच्या वेळी मला भेटावं. मी टेप आणलाय.

सर, बाई, तुम्ही आम्हाला उत्तरपत्रिका देताना सांगायचात, "आधी नाव लिहा, मग उत्तर." एवढी वर्षं आम्ही उत्तरंच लिहीत बसलो. आता नाव कुणाचं लागलंय, तेही जरा बघतो.